घरातल्या लागवडीचं मायक्रोकंट्रोलर ऑटोमेशन

घरातल्या बंद जागेत, म्हणजे बेडरूमचा कोपरा, काचा लावून आत घेतलेली बाल्कनी, जुनं कपाट नाहीतर ग्रो टेंट (झाडं वाढवायचा बंद तंबू), तिथे वाढणाऱ्या झाडांचा उजेड, पाणी आणि हवा एका छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डवर सोपवणं, आणि तो बोर्ड, सेन्सर, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा स्विच), पंप सगळं स्वतः जोडून स्वतः कोड टाकून उभं करणं, याला हे नाव. बाजारात तयार टायमर मिळतो, पण टायमरला फक्त वेळ कळते, माती सुकलीय का आणि हवा किती दमट आहे हे त्याला कळत नाही, आणि ठाणे-नवी मुंबईत तर खरी अडचण हवेचीच असते.

इथे लोक याच्या मागे लागतात ते दोन कारणांनी. एक म्हणजे ऊन नाही, नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगला समोरची बिल्डिंग आडवी येते आणि खारघर-घणसोलीच्या टॉवरमध्ये नेमकी आपली खिडकी उत्तरेला निघते. दुसरं म्हणजे गणपती. आठवडाभर कोकणात गेलं की पाणी घालायला किल्ली द्यायची कोणाला, शेजारीही गावालाच गेलेले असतात.

बोर्ड आणि सेन्सर

इटलीतल्या इव्रेआ गावात २००५ मध्ये डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो हा सोपा बोर्ड सुरू झाला आणि तिथून ही विद्या इंजिनिअर नसलेल्यांच्याही हातात आली. आता नवीन सुरू करणारे बरेच जण शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीचा २०१६ मध्ये आलेला ईएसपी३२ घेतात कारण वायफाय त्यातच असतं. दोघांत एक फरक लक्षात ठेवायचा, आर्डुइनो युनो ५ व्होल्टवर चालतो आणि ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या, तिथे ५ व्होल्टचा सिग्नल थेट दिला तर पिन जळू शकते. शिवाय ईएसपी३२ वर वायफाय चालू असताना काही पिनांवर अॅनालॉग आकडा (म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज) वाचताच येत नाही, म्हणून मातीचा सेन्सर ३२ ते ३९ यांपैकीच पिनेवर लावायचा, हे माहीत नसलं की माणूस दोन-दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

सामान ऑनलाइन मिळतं, पण एकदा तरी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावं आणि लॅमिंग्टन रोड पायी फिरावा, कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. कनेक्टर, वायर, पॉवर सप्लाय हातात घेऊन बघितला की वजनावरूनच बरंच काही कळतं.

मातीच्या ओलाव्यासाठी दोन दांड्यांचा स्वस्त सेन्सर घेऊ नये. त्यातून ओल्या मातीत करंट जातो आणि इलेक्ट्रोलिसिस होऊन दांडीवरचं तांबं झिजतं, काही आठवड्यांत आकडे खोटे यायला लागतात. कपॅसिटिव्ह सेन्सर, ज्याचा धातू लेपाखाली असतो आणि मातीला लागत नाही, तो टिकतो, फक्त त्याचा आकडा उलटा, कोरड्यात जास्त आणि ओल्यात कमी. आधी हवेत धरून एक आकडा लिहून घ्यायचा, मग सेन्सरवरच्या रेघेपर्यंत पाण्याच्या ग्लासात बुडवून दुसरा, आणि या दोन आकड्यांच्या मधे आपलं माप बसवायचं. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही, या पट्टीच्या कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतं, म्हणून लावण्याआधी कडेला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्यायचे आणि वरच्या इलेक्ट्रॉनिक्सवर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवायची.

हवा

कडक पावसाळ्यात खोलीत २८ अंश आणि ९० टक्के दमटपणा असेल तर हवेची पाणी ओढून घ्यायची ताकद, जिला व्हीपीडी म्हणतात, जेमतेम ०.४ किलोपास्कल उरते. पालेभाजीला साधारण ०.८ ते १.२ बरी. त्याच घरात एसी लावलेल्या खोलीत २४ अंश आणि ५० टक्क्यांवर तीच दीडच्या आसपास जाते. म्हणजे एकाच फ्लॅटमध्ये एका दाराअलीकडे पानं घाम न येता कोंदटून बसतात, बुरशी धरते, आणि दारापलीकडे कडा करपतात. म्हणून थंड कोरड्या देशातल्या माणसाचा कोड तसाच उचलला तर तो जुलैमध्ये ह्युमिडिफायर लावत बसतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बोर्डाचं मुख्य काम पंखा चालवणं हेच.

धिंगरी मशरूममध्ये हे फार छान दिसतं. मुरबाड-शहापूरकडचा भाताचा पेंढा वाफवून पिशव्या भरल्या की पावसाळ्यात ८०-८५ टक्के ओलावा बऱ्याचदा आयताच मिळतो, पण बंद कपाटात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मग मशरूम लांब देठाचे, बटणाएवढ्या टोपीचे येतात. पंखा तासाला काही मिनिटं फिरवला की पुढच्या बहरात टोप्या रुंद. मात्र धिंगरीचे बीजाणू श्वासात जाऊन त्रास देतात, झोपायच्या खोलीत हे करू नये आणि काढणीला मास्क लावावा.

हवेचा दमटपणा मोजायला डीएचटी२२ सेन्सर चालतो, पण सतत दमट हवेत तो ९९.९ वर अडकून बसलेला मी बघितलाय, एसएचटी३१ थोडा महाग पडतो पण पावसाळ्यात तोच घ्यावा. कोडमध्ये चालू आणि बंदचा आकडा एकच ठेवायचा नाही, पंखा ८५ ला चालू केला तर ७८ ला बंद, नाहीतर रिले रात्रभर टकटक करत राहतो आणि लवकर मरतो.

पाणी

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि माझं मत असं की पाणी चालू कसं करायचं हे शिकण्याआधी बंद कसं राहील ते शिकायला हवं. नौपाड्याच्या घरी मी पहिली सिस्टीम लावली तेव्हा पाण्याची बादली वरच्या फळीवर होती आणि कुंड्या खाली. पंप रात्री दहा सेकंद चालला, रिले बंद झाला, लॉगमध्ये सगळं बरोबर, आणि सकाळी खालच्या काकूंनी वर येऊन छताला आलेली ओल दाखवली. पंप थांबला तरी नळीत पाणी भरलेलं होतं, बादली उंचावर होती, सायफन लागला आणि बादली रिकामी होईपर्यंत पाणी वाहत राहिलं. कोडमध्ये याचं उत्तर नाही. बादली कुंड्यांच्या खाली ठेवायची, आणि तरी ज्यांना भीती वाटते त्यांनी पाण्याच्या पातळीच्या वर नळीला सुईने एक भोक पाडायचं, पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि धार तुटते.

कोडमध्ये करायचं ते वेगळं. सेन्सर काहीही सांगो, पंप एका वेळी वीस सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि दिवसातून ठरलेल्या वेळांपेक्षा जास्त नाही. सेन्सरची वायर निघाली तर आकडा शून्यावर जातो नाहीतर भरकटतो, म्हणून हवेतल्या आणि ग्लासातल्या आकड्यांच्या बाहेर काहीही आलं की पाणी द्यायचं नाही, सरळ बझर वाजवायचा.

हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात लागवड करणाऱ्यांनी त्या पाण्याचा पीएच ५.५ ते ६.५ मधे ठेवायचा. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर येतो तिथे पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, टँकरप्रमाणे बदलतो, तेव्हा खताचा डोस ठरवण्याआधी दर वेळी मीटर बुडवून बघायचा.

उजेड आणि वीज

लेट्यूससारख्या भाजीला पानावर साधारण २५० मायक्रोमोलचा (चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या उजेडाचं माप) पांढरा एलईडी चौदा तास दिला की दिवसाचे साडेबारा मोल होतात, तेवढे पुरतात. लक्स मीटर असेल तर आकड्याला अंदाजे ६५ ने भागायचं, की मायक्रोमोल मिळतात. ५० वॉटचा दिवा चौदा तास म्हणजे रोज ०.७ युनिट, महिन्याला २१. वेळेसाठी इंटरनेटवर विसंबायचं नाही, डीएस३२३१ चं घड्याळ बटणसेलवर चालतं आणि वर्षाला साधारण एक मिनिटच चुकतं, त्यामुळे लाइट येऊन-जाऊन राउटर बंद पडला तरी सकाळ वेळेवर होते.

पंप आणि दिवे होता होईल तो १२ व्होल्टचेच घ्यावेत. २३० व्होल्ट लागणारच असतील तर ते कनेक्शन वायरमनकडून करून घ्यायचं, अर्थिंग तपासून आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच). वायर बॉक्समध्ये नेहमी खालून आत घ्यायची आणि तिला थोडा झोल ठेवायचा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलावरून खाली टपकतं, बॉक्समध्ये शिरत नाही. पावसाळ्यात बॉक्समध्ये सिलिका जेल टाकली नाही तर पिनांवर हिरवट थर चढतो आणि कनेक्शन मधेच जातं-येतं.

रिलेवर तीन स्क्रू असतात आणि वायर कुठल्या स्क्रूला लावायची हा आळसाने ठरवायचा विषय नाही. पंप एनओवर (एरवी तुटलेला स्क्रू), म्हणजे बोर्ड मेला तर पाणी बंद. मशरूमचा पंखा एनसीवर (एरवी जोडलेला स्क्रू), म्हणजे बोर्ड मेला तरी घरात वीज आहे तोवर हवा चालू. बरेच रिले मॉड्यूल लो सिग्नलवर, म्हणजे पिनेवरचं व्होल्टेज शून्यावर आलं की, चालू होतात, तेव्हा युनोच्या कोडमध्ये आधी पिन हाय करून मगच ती आउटपुट म्हणून जाहीर करायची, नाहीतर दर वेळी लाइट आली की पंप एक झटका मारतो.

गावाला जायच्या आधी निदान आठवडाभर सिस्टीम आपल्यासमोर चालवायची आणि त्यातला एक रविवार मुद्दाम मोडतोडीला ठेवायचा. चालू पंपात मेन स्विच बंद करायचा, मातीतला सेन्सर उपटायचा, राउटर काढून ठेवायचा, बादली रिकामी करायची, आणि प्रत्येक वेळी जमिनीवर बसून बघायचं की पाणी कुठे जातं आणि पंखा काय करतो. जे बिघडायचं ते तेव्हा बिघडलं तर फडक्याने पुसता येतं.