न शिजलेला दगड आणि ४५० कोटी वर्षांपूर्वीची आच

कुठे उल्का पडली की चॅनलवर "आकाशातून आगीचा गोळा" सुरू होतं आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतं की दगड आतपर्यंत भाजून निघाला. तसं काही होत नाही. वातावरणातून येताना उल्का तापते ती फक्त वरून, तेही काही सेकंद, त्यामुळे जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काळी साल धरते आणि आतला दगड अवकाशात होता तसाच थंड राहतो. आत शिजल्याच्या ज्या खुणा सापडतात त्या ४५० कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि मला सांगायचंय ते त्या आचेबद्दल.

२६ ऑक्टोबर १९४० ला आजच्या मध्य प्रदेशात सेमरकोना इथे एक उल्का पडली. वजन ६९१ ग्रॅम, पाऊण किलोसुद्धा नाही. पण उल्कांवर काम करणाऱ्या कुणालाही हे नाव माहीत असतं, कारण साधे कॉन्ड्राइट, म्हणजे सगळ्यात जास्त पडणाऱ्या दगडी उल्का, त्यांच्यात इतका कच्चा राहिलेला दगड फार दुर्मिळ.

कच्चा म्हणजे काय? कॉन्ड्राइटचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की गोल गोल दाणे दिसतात, त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. हे सूर्यमाला बनताना गोठलेले वितळलेल्या दगडाचे थेंब, बहुतेक मिलिमीटरपेक्षाही लहान, आणि मधे बारीक धूळ. साबुदाण्याची खिचडी आठवा. सेमरकोना म्हणजे मोकळी खिचडी, दाणा न दाणा सुटा, कडा स्वच्छ, आणि दाण्यात झटकन गोठलेली काच अजूनही काचच आहे. टाइप ६ चा दगड म्हणजे झाकण ठेवून फार वेळ गॅसवर राहिलेली खिचडी, दाणे आजूबाजूच्या धुळीत मिसळून गेलेत, काचेचं फेल्डस्पार नावाचं खनिज झालंय, कडा शोधाव्या लागतात. १९६७ मध्ये व्हॅन श्मुस आणि वुड या दोन शास्त्रज्ञांनी ही नंबरांची पद्धत आणली, साध्या कॉन्ड्राइटमध्ये ३ म्हणजे कच्चा आणि ६ म्हणजे पूर्ण शिजलेला. सेमरकोनाचा नंबर ३.००, तो २५० अंश सेल्सिअसच्या आसपासच तापला असावा, टाइप ६ वाले मात्र ९०० च्या घरात जाऊन आलेत.

मग गॅस कुठून आला? या उल्का म्हणजे लघुग्रहांचे तुकडे, आणि लघुग्रह लहान, सूर्यापासून लांब, त्याला कोण तापवणार? उत्तर आहे अ‍ॅल्युमिनियम. आपल्या पातेल्यातलं अ‍ॅल्युमिनियम-२७, पण त्याचा एक किरणोत्सारी भाऊ आहे, अ‍ॅल्युमिनियम-२६, तो साधारण ७ लाख वर्षांत निम्मा संपतो, त्याचं मॅग्नेशियम-२६ होतं आणि उष्णता बाहेर पडते. रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड युरी यांनी १९५५ मध्येच ही शक्यता मांडली होती. अडचण अशी की तो कधीच संपलाय, मागे उरलंय ते फक्त जादा मॅग्नेशियम. १९६९ ला मेक्सिकोत पडलेल्या अ‍ॅलेंडे उल्केतल्या पांढऱ्या खड्यांमध्ये ते १९७६ साली सापडलं, पण ते खडे म्हणजे सूर्यमालेतले सगळ्यात जुने कण, लघुग्रह जमेपर्यंत आच शिल्लक होती का हे त्यावरून कळत नव्हतं.

आणि इथे मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. ही आच शोधायला शिजलेला दगड फारसा उपयोगाचा नाही, कारण तापल्यावर मॅग्नेशियमचे अणू इकडचे तिकडे जातात आणि हिशोबच पुसला जातो. लागतो तो कच्चा. १९८९ मध्ये हचियन आणि हचिसन या शास्त्रज्ञांनी सेमरकोनातल्या कॉन्ड्रूलच्या एका तुकड्यातलं, थेंब गोठतानाच तयार झालेलं फेल्डस्पार तपासलं, त्यात अ‍ॅल्युमिनियम भरपूर आणि मॅग्नेशियम नावाला, त्यामुळे जराशी भर पडली तरी लक्षात येते. जिथे मॅग्नेशियमच्या मानाने अ‍ॅल्युमिनियम जास्त तिथे मॅग्नेशियम-२६ सुद्धा त्याच प्रमाणात जास्त निघालं, म्हणजे ते तिथेच, त्या स्फटिकातच तयार झालेलं. हिशोब केला तर दर १० लाख अ‍ॅल्युमिनियम-२७ मागे सुमारे ८ अणू २६ चे, अ‍ॅलेंडेच्या खड्यांत साधारण ५०. पन्नासाचे पंचवीस, पंचविसाचे साडेबारा, मग आठ, म्हणजे खड्यांनंतर जवळपास २० लाख वर्षांनीसुद्धा आच शिल्लक होती, आणि किलोमीटरच्या किलोमीटर दगड तापवायला ती पुरेशी होती.

फक्त आकार मोठा हवा. छोटा बटाटा लगेच गार होतो, मोठा आतून हात भाजतो, तसंच. आकार दहापट झाला की निवायला शंभरपट वेळ. म्हणून मोठ्या लघुग्रहात गाभा सगळ्यात शिजलेला आणि सालीकडे कच्चं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. सगळेच लघुग्रह असे नीट राहिले नाहीत, टकरींनी कितीतरी फुटले.

उल्केत ऊर्जा असते म्हणून तिच्या अंगठ्या विकतात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ही ऊर्जा खरोखर होती, पण माणूस जन्मायच्या कितीतरी कोटी वर्षं आधी ती संपली, बोटात घालून शनीबिनी काही हटत नाही. पैसे घालवू नका.

हायाबुसा या जपानी यानाने २०१० मध्ये इतोकावा लघुग्रहावरची धूळ आणली, तीही सेमरकोनाच्याच जातकुळीतली, एलएल गटातली, म्हणजे कमी लोखंडाच्या साध्या कॉन्ड्राइटची. पण बहुतेक कण ८०० अंशांच्या आसपास शिजलेले. इतोकावा जेमतेम अर्धा किलोमीटर लांब, एवढ्याशा दगडात आच टिकूच शकत नाही. म्हणजे ते कण आधी २० किलोमीटरपेक्षा मोठ्या एखाद्या लघुग्रहाच्या पोटात होते, तो फुटला आणि त्याच्या तुकड्यांचा ढीग म्हणजे आजचा इतोकावा.