आयव्ही लीग ही गुणवत्ता यादी नाही

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "एमआयटी, स्टॅनफर्ड, हार्वर्ड... सगळी आयव्ही लीग." यातली पहिली दोन त्यात नाहीत, कधीच नव्हती. ही क्रमवारी नाहीच मुळी. आपसांत सामने खेळणाऱ्या अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांची ती क्रीडा संघटना आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया. १९४५ मध्ये त्यांनी फुटबॉलपुरता करार केला (हेल्मेट घालून खेळतात तो, आपला नव्हे), आणि १९५४ मध्ये तो इतर खेळांनाही लागू केला. खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही, हा त्यांचा नियम.

'आयव्ही म्हणजे रोमन चार (IV), मुळात चारच कॉलेजं होती' हीही थापच. आयव्ही हा वेल, जुन्या दगडी भिंतींवर चढलेला. हे नाव १९३० च्या दशकात क्रीडापत्रकारांनी रूढ केलं, करार नंतरचा.

'बाबासाहेब आयव्ही लीगमध्ये शिकले' हेही त्यामुळे जरा जपूनच म्हणावं. ते १९१३ मध्ये कोलंबियात दाखल झाले, तेव्हा लीग नव्हतीच. कोलंबिया मात्र तेव्हाही नावाजलेलं होतं.