तांबोशी आणि हेकरू: खडक एक, बाजार एक, पण नियम एक चालत नाही

मासळीबाजारात तांबोशी आणि हेकरू शेजारी शेजारी मांडले की निम्मी गिऱ्हाइकं गोंधळतात, आणि फिलेट करून पिशवीत घातलं की उरलेली निम्मी पण. दोघंही जाड अंगाचे, मोठ्या तोंडाचे, पांढऱ्या घट्ट मासाचे, त्यामुळे हॉटेलवाल्याला कुठलाही चालतो. तांबोशी म्हणजे स्नॅपर, हेकरू म्हणजे ग्रुपर, मालवण-गोव्याकडे त्यालाच गोब्रा म्हणतात.

आख्खा मासा हातात असेल तर ओळखणं सोपं आहे, तोंड मिटून बघा. तांबोशीच्या वरच्या जबड्याचं हाड तोंड मिटलं की गालाच्या हाडाखाली सरकून जातं, हेकरूचं बाहेर उघडं दिसत राहतं. शिवाय हेकरूची शेपटी बहुतेक वेळा गोलसर, खवले बारीक आणि कल्ल्याच्या झाकणावर मागे तीन चपटे काटे. तांबोशीचे खवले मोठे आणि शेपटी सरळ कापल्यासारखी नाहीतर थोडी खाचेची. रंगावर अजिबात जाऊ नका, लाल हेकरू पण असतात आणि खाडीतली तांबोशी कधी कधी चक्क तपकिरी निघते.

आता खरी गंमत पाण्यात आहे. दोघं एकाच खडपावर राहतात, एकाच गळाला लागतात, म्हणून अमेरिकेत दक्षिण अटलांटिक किनाऱ्यावर तर दोघांना मिळून मासेमारीच्या नियमांचा एकच 'स्नॅपर-ग्रुपर' प्लॅन आहे, 1983 पासून. कागदावर ठीक आहे, पण हे मासे संपतात ते वेगवेगळ्या कारणांनी.

हेकरूचं आधी बघू. बहुतेक जातींमध्ये मासा आधी मादी म्हणून मोठा होतो, अंडी देतो, आणि बऱ्याच वर्षांनी आकार वाढल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे नर हे कायम मोठे आणि म्हातारे. आणि गळवाल्याला, हौशी मच्छीमाराला, फोटो काढणाऱ्याला, सगळ्यांना मोठाच मासा पाहिजे असतो. मेक्सिकोच्या आखातात गॅग नावाचा ग्रुपर आहे, त्याच्यात 1970च्या दशकात नरांचं प्रमाण 17 टक्क्यांच्या आसपास होतं, 1990च्या दशकात ते 2 टक्क्यांच्या आसपास आलं. समुद्रात मासे होते, माद्या गाबोळीने भरलेल्या होत्या, फक्त नर शोधायला लागत होते. यावर 'लहान मासा पकडू नका' हा नियम अर्धाच उपाय आहे, कारण त्याने माद्या वाचतात पण सगळे नर त्या मापाच्या वरचे असतात, ते खुशाल पकडता येतात. म्हणून तिथे 2000 साली मॅडिसन-स्वॉन्सन आणि स्टीमबोट लम्प्स हे अंडी घालायच्या जागेचे दोन पट्टेच राखीव केले, आणि मला विचाराल तर ग्रुपरसाठी जागा बंद करणं हाच पहिला उपाय पाहिजे, माप नंतर.

त्यात अजून एक भानगड, कित्येक ग्रुपर वर्षातून ठराविक पौर्णिमेच्या आगेमागे एका ठिकाणी जमतात. कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांपैकी लिटल केमनला नासाऊ ग्रुपरची अशी जत्रा 2001 मध्ये मच्छीमारांना सापडली आणि दोन हंगामांतच तिथले हजारो मासे काढले गेले. 2003 मध्ये सरकारने तिथे बंदी घातली, ती टिकवली, आणि पुढच्या दीड दशकात संख्या जवळपास तिप्पट झाली. पण यावरून जमाव हा फक्त ग्रुपरचा प्रकार असं समजू नका, मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या ग्लॅडन स्पिटला क्युबेरा आणि डॉग स्नॅपर पण पौर्णिमेला असेच जमतात, आणि त्यांची पाण्यात सोडलेली अंडी खायला देवमुशी (व्हेल शार्क) येतात!

स्नॅपरचं मात्र नर-मादीचं गणित सरळ आहे, नर तो नर, मादी ती मादी, शेवटपर्यंत. त्याची अडचण बालपणात आणि म्हातारपणात आहे. आपली तांबोशी लहानपणी खारफुटीत, खाडीत वाढते आणि मोठी झाली की बाहेर खडपावर जाते, म्हणजे खाडी भराव टाकून बुजवली की त्याचा फटका समुद्रात बसतो. मेक्सिकोच्या आखातातल्या रेड स्नॅपरची पिल्लं खडकावर नसतात, चिखल-शिंपल्यांच्या तळावर असतात, बरोबर तिथेच जिथे कोळंबीचे ट्रॉलर फिरतात. त्यामुळे वर्षानुवर्षं स्नॅपर कोण मारत होतं तर कोळंबीवाले, आणि उपाय म्हणून कोळंबीच्या जाळ्यात मासे निसटायला वाट ठेवणं 1998 पासून सक्तीचं झालं. त्यानंतर 2007 पासून धंदेवाईक बोटींना ज्याचा त्याचा कोटा वाटून दिला.

आणि म्हातारपण म्हणजे काय, तर रेड स्नॅपर दोन-चार वर्षांत अंडी द्यायला लागतो पण जगतो पन्नास वर्षांच्या वर, आणि मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी देते. नुसती लहान मासळी भरपूर दिसली म्हणून साठा सुधारला असं होत नाही. याच्यावरूनच तिथे मोठं भांडण आहे, दक्षिण अटलांटिकात 2024 मध्ये हौशी मच्छीमारांना रेड स्नॅपरचा सीझन मिळाला फक्त एक दिवस, 12 जुलै, आणि लोक म्हणतात की अहो गळ टाकला की स्नॅपरच लागतोय. दोन्ही बाजू बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. मासे आहेत पण त्यात तरुणांचीच भरती जास्त, आणि सीझन नसताना दुसऱ्या माशासाठी टाकलेल्या गळाला तो लागतो, खोल पाण्यातून वर ओढताना त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, पोट तोंडातून बाहेर येतं आणि सोडून दिला तरी त्यातले बरेच मरतात. त्या मेलेल्या माशांचा हिशोब कोट्यातच धरतात, म्हणून सीझन उरत नाही. आखातात तर 2022 मध्ये मासा परत खाली सोडायचं साधन नाहीतर हवा काढायची सुई बोटीवर तयार ठेवणं बंधनकारक केलं होतं.

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी बंदी दोघांना सारखीच लागू होते, आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींची कमीत कमी लांबी पण ठरवून दिली. पिल्लं वाचवायला हे चांगलं आहे, फक्त कमीत कमी लांबीचा कुठलाही नियम ज्या हेकरूचा नर व्हायचाय त्याला वरच्या बाजूने काहीच संरक्षण देत नाही, आणि तांबोशीची खाडी त्या नियमात येतच नाही, ती बांधकाम परवानगीच्या फायलीत असते.