राडोमचे 'व्हिस' : घोडदळाच्या हट्टातून घडलेले पिस्तूल

१९१८ साली पोलंड पुन्हा नकाशावर आले, तेव्हा त्याच्या सैन्याकडे पिस्तुले होती, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. सव्वाशे वर्षे देश रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात वाटला गेलेला. त्या तिन्ही फौजांत नोकरी केलेले अधिकारी आता एकाच झेंड्याखाली आले. कुणाच्या कमरेला रशियन नागां रिव्हॉल्व्हर, कुणाच्या जर्मन पॅराबेलम, तर कुणाच्या ऑस्ट्रियन श्टायर. प्रत्येकाची गोळी निराळी, सुटे भाग निराळे. एवढ्या गोतावळ्याला दारूगोळा पुरवायचा म्हणजे कोठारवाल्यांची परीक्षाच.

विसाचे दशक सरता सरता लष्कराने यावर सोपा उपाय शोधला : एका चेक पिस्तुलाच्या उत्पादनाचा परवाना विकत घ्यायचा. शस्त्र-अभियंता प्योत्र विल्न्येवचित्स यांना ते पिस्तूल पसंत नव्हते. हे काम आपल्याकडे होऊ शकते असे सांगून त्यांनी यान स्क्शिपिन्स्की यांच्या जोडीने स्वतःचा आराखडा पुढे केला. १९३१ मध्ये पहिले नमुने तयार झाले, १९३२ मध्ये पेटंट मिळाले आणि १९३५ साली सैन्याने पोलंडमधल्या राडोम शहराच्या शस्त्र-कारखान्यात बनणारे हे 'व्हिस' अधिकृतपणे स्वीकारले. गोळी ९ मिलिमीटर पॅराबेलम, मॅगझिनमध्ये आठ, वजन एक किलोच्या आसपास.

अमेरिकन शस्त्र-रचनाकार जॉन ब्राउनिंग यांची उसनवारी यात लपत नाही, आणि लपवायचे कारणही नव्हते. त्यांच्या 'कोल्ट १९११' या पिस्तुलात गोळी सुटल्यावर नळीचे मागचे टोक एका हलत्या कडीने खाली ओढले जाते. व्हिसमध्ये ती कडी नाही. नळीच्या तळाशी उतरता उंचवटा ठेवला, तोच नळीला खाली घेतो. झिजणारा एक भाग कमी झाला.

खरा हट्ट होता घोडदळाचा. पोलिश सैन्यात त्या काळी घोडदळाचा रुबाब मोठा. स्वाराच्या एका हातात लगाम असतो. भरलेल्या पिस्तुलाचा चढवलेला हॅमर (गोळी उडवणारी मागची हातोडी) दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हळूच खाली आणायचा आणि तोही उधळत्या जनावरावर, हे धोक्याचे. म्हणून स्लाइडच्या, म्हणजे नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, डाव्या बाजूला एक खटका बसवला. तो दाबला की फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर आदळणारी सळी, आत सरकते आणि हॅमर गोळी न उडता खाली येतो. पुन्हा झाडायची वेळ आली की त्याच हाताच्या अंगठ्याने हॅमर चढवायचा. मुठीच्या पाठीला वेगळी सेफ्टी आहेच : हात नीट आवळला नाही तर चाप चालत नाही. चौकटीच्या मागच्या टोकाला आणखी एक खटका दिसतो. कोल्ट वापरलेला माणूस त्याला हमखास सेफ्टी समजतो, पण तो पिस्तूल उघडताना स्लाइड अडकवून ठेवण्यापुरताच.

युद्धापूर्वीच्या व्हिसच्या स्लाइडवर पोलिश गरुड आणि उत्पादनाचे साल कोरलेले असे. काम अतिशय सफाईदार, आणि अर्थातच संथ. मागणी ९० हजारांची होती. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन आले तोवर सुमारे ४९ हजारच हाती पडली होती.

जर्मनांनी राडोमचा कारखाना ऑस्ट्रियातल्या श्टायर कंपनीच्या ताब्यात दिला आणि स्वतःच्या सैन्यासाठी तीन लाखांहून अधिक व्हिस काढून घेतली, म्हणजे पोलंडला मिळाली त्याच्या सहापटीहून जास्त. कामगार सुटे भाग चोरून भूमिगत सेनेला पोचवतील ही भीती पहिल्यापासून होती, म्हणून नळ्या आणि अंतिम जुळणी ऑस्ट्रियात ठेवली. भाग बाहेर गेलेच, नळ्या भूमिगतांनी गुपचूप बनवल्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये या प्रकरणी राडोममध्ये लोकांना जाहीरपणे फाशी दिले गेले, त्यांत कारखान्याचे कामगारही होते. पुढे घाई वाढली तशी सफाई घसरली : आधी खांद्याला टेकवायचा दस्ता जोडण्याची मुठीमागची खाच गेली, मग चौकटीवरचा तो फसवा खटका गेला, शेवटी मुठीला लाकडी पट्ट्या आल्या. घोडदळाचा खटका मात्र जर्मनांनीही ठेवला.

युद्धानंतर पोलंड सोव्हिएत गोटात गेले आणि त्याच राडोममध्ये सोव्हिएत टीटी पिस्तुले बनू लागली. आज पोलिश सैन्याला मिळणारे 'व्हिस १००' तिथलेच आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचे, पंधरा गोळ्यांचे, आणि १९३५ च्या व्हिसशी त्याचे नाते नावापुरतेच.