जपानी मतदार आणि स्त्री उमेदवार : लिंगभाव व मतदारवृत्तींचा अभ्यास

जपानमधले मतदार स्त्री उमेदवाराकडे कसे पाहतात, स्त्री मतदार आणि पुरुष मतदार यांची राजकीय मते कुठे वेगळी होतात आणि निवडून येणाऱ्या स्त्रिया इतक्या थोड्या का, या प्रश्नांचा शोध घेणारे राज्यशास्त्रातले एक अभ्यासक्षेत्र. त्याच्या मुळाशी एक कोडे आहे. जपानी स्त्रिया शिकलेल्या आहेत आणि १९४६ पासून मतदान करत आहेत. १९६९ ते २००५ या काळात कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकांमध्ये त्यांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा जास्त होती. तरीही २०२४ च्या निवडणुकीत ४६५ जागांपैकी ७३ जागांवरच, म्हणजे १५.७ टक्के जागांवर, स्त्रिया निवडून आल्या आणि तोही तोवरचा उच्चांक ठरला. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या लिंगभाव तफावत निर्देशांकात १४८ देशांमध्ये जपानचा क्रमांक ११८ वा होता. या दुरवस्थेचे कारण विचारले की 'लोकांनाच बाई नको असते' हे उत्तर तयार असते. गेल्या काही वर्षांत संशोधकांनी हेच उत्तर तपासून पाहिले. ते अर्धेमुर्धेच खरे निघाले.

स्त्रियांना मताधिकार देणारी कायदादुरुस्ती डिसेंबर १९४५ मध्ये झाली. त्याआधी फुसाए इचिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ वर्षे त्यासाठी चळवळ केली होती. त्यामुळे 'हा हक्क अमेरिकनांनी आयता दिला' असे म्हणणे त्या बायकांवर अन्याय करणारे आहे. १० एप्रिल १९४६ रोजी स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. पुरुषांचे मतदान ७८.५ टक्के झाले आणि स्त्रियांचे ६७ टक्के. उभ्या राहिलेल्या ७९ स्त्रियांपैकी ३९ निवडून आल्या. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, हा आकडा १५ वर घसरला आणि ३९ चा टप्पा ओलांडायला २००५ साल उजाडावे लागले. एका वर्षात मतदारांचे मन बदलले म्हणावे, तर तसा पुरावा नाही. बदलले होते ते नियम. १९४६ मध्ये मतदारसंघ मोठे होते आणि बहुतेक ठिकाणी मतदाराला दोन किंवा तीन नावे लिहिता येत असत. पहिले नाव ओळखीच्या पुरुषाचे लिहिले तरी दुसरे एखाद्या बाईचे लिहायला जागा होती. शिवाय युद्धकाळातल्या अनेक पुढाऱ्यांना युद्धानंतर देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकी नेतृत्वाखालच्या प्रशासनाने सार्वजनिक जीवनातून दूर केले होते, त्यामुळे जागा मोकळ्या होत्या. १९४७ मध्ये मतदारसंघ लहान झाले आणि मतदाराच्या हाती एकच नाव उरले. मतदारवृत्ती नियमांपासून सुटी करून पाहता येत नाही, हे या क्षेत्रातले बहुतेक सगळे अभ्यासक मान्य करतात. त्याचा पहिला धडा या दोन निवडणुकांमध्ये आहे.

१९४७ ची ही पद्धत १९९३ पर्यंत टिकली. एका मतदारसंघातून साधारण तीन ते पाच जण निवडून येत आणि मतदाराला मत एकच. मोठ्या पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकाच मतदारसंघात एकमेकांविरुद्ध उभे राहत. पक्षाचे नाव तिथे पुरेसे नसे. प्रत्येकाला स्वतःची माणसे बांधावी लागत. या वैयक्तिक समर्थक मंडळाला जपानीत 'कोएनकाई' म्हणतात. सहली, सत्कार, लग्न, अंत्यविधी अशा प्रत्येक प्रसंगी उमेदवाराने किंवा त्याच्या पत्नीने हजर राहायचे. निवडून यायला तीन 'बान' लागतात, असे तिथे सर्रास बोलले जाते : 'जिबान' म्हणजे पायाखालची माणसे, 'कानबान' म्हणजे नावाची पाटी आणि 'काबान' म्हणजे पैशाची थैली. हे तिन्ही बापाकडून मुलाकडे जाते, म्हणूनच तिथे घराणेशाहीला इतके बळ आले. पुरुष उमेदवारासाठी त्याची पत्नी मतदारसंघ राखते. स्त्री उमेदवारासाठी हे काम कोण करणार, हा प्रश्न जपानी पक्षांनी गांभीर्याने घेतल्याचे फारसे दिसत नाही.

मतदान केंद्रातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. जपानी मतदार शिक्का मारत नाही की बटण दाबत नाही. आडोशाला पेन्सिल ठेवलेली असते आणि कोऱ्या चौकटीत उमेदवाराचे नाव स्वतःच्या हाताने लिहायचे असते. म्हणूनच उमेदवार आपले नाव फलकावर अवघड चित्रलिपीऐवजी सोप्या हिरागाना लिपीत लिहितात आणि ध्वनिक्षेपकाच्या गाडीतून तेच नाव दिवसभर घोकत फिरतात. नाव लक्षात राहणे ही इथे निवडून येण्याची पहिली अट आहे. ज्याच्या वडिलांचे आडनाव हात आधीच गिरवत आलेला आहे, त्याला आयता फायदा मिळतो. नव्याने उभी राहिलेली बाई मागून धावायला सुरुवात करते.

सुरुवातीचे अभ्यास मुलाखतींवर आणि सहवासातून केलेल्या निरीक्षणांवर आधारलेले होते. सुझन फार यांनी १९८१ च्या ग्रंथात राजकारणात उतरलेल्या तरुण जपानी स्त्रियांचा अभ्यास मांडला : घरातून होणारा विरोध, लग्नाचा ताण आणि 'बाईपण' सांभाळत राजकारण करण्याची कसरत. रॉबिन लेब्लांक यांनी तोक्योतल्या गृहिणींबरोबर राहून, त्यांच्या बैठकांना आणि प्रचाराला जाऊन १९९९ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांचे निरीक्षण आजही ताजे वाटते. या गृहिणी राजकारणाबद्दल उदासीन नव्हत्या. वस्तीतले प्रश्न त्या रोज सोडवत होत्या, फक्त त्याला 'राजकारण' म्हणायला तयार नव्हत्या, कारण त्यांच्या लेखी तो शब्द सूटबूट घातलेल्या पुरुषांच्या जगातला आणि मळलेला होता. सर्वेक्षणात जपानी स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त वेळा 'माहीत नाही' असे उत्तर देतात. त्या उत्तराचा अर्थ अज्ञान असा लावण्याआधी लेब्लांक यांचे निरीक्षण आठवावे.

अशाच गृहिणींमधून एक वेगळा प्रयोग उभा राहिला. १९६५ मध्ये तोक्योच्या सेतागाया भागात एकत्र दूध खरेदी करण्यापासून सुरू झालेल्या 'सेइकात्सु क्लब' या सहकारी चळवळीने १९७९ मध्ये तोक्योतल्याच नेरिमा वॉर्डाच्या सभागृहात (तिथल्या वॉर्डाला स्वतःचे सभागृह आणि महापौर असतो) आपली पहिली प्रतिनिधी पाठवली. या प्रतिनिधींनी ठरावीक मुदतीनंतर पायउतार होऊन दुसरीला जागा द्यायची, असा नियमच केला गेला. पद ही कुणाची मिरास नाही, हे इतक्या स्पष्टपणे अमलात आणणारी उदाहरणे कुठल्याही देशात थोडी सापडतील.

१९८९ ची वरिष्ठ सभागृहाची निवडणूक अभ्यासकांना पुन्हा पुन्हा खुणावते. एप्रिलमध्ये लागू झालेला ३ टक्के उपभोग कर, रिक्रूट कंपनीच्या समभागांचा घोटाळा आणि पंतप्रधान सोसुके उनो यांच्यावर एका स्त्रीने केलेले जाहीर आरोप यांमुळे स्त्री मतदार संतापल्या होत्या. समाजवादी पक्षाच्या अध्यक्ष ताकाको दोई यांनी अनेक नवख्या स्त्रियांना उमेदवारी दिली आणि एकूण २२ स्त्रिया निवडून आल्या. वृत्तपत्रांनी या लाटेला 'मदोन्ना' असे नाव दिले. सत्ताधारी पक्षाने त्या सभागृहातले बहुमत गमावले आणि दोई म्हणाल्या, 'डोंगर हलला.' त्यांचा रोख कवयित्री अकिको योसानो यांच्या १९११ मधल्या ओळींकडे होता. पण १९९० मध्ये कनिष्ठ सभागृहाच्या ५१२ जागांवर फक्त १२ स्त्रिया निवडून आल्या. वरिष्ठ सभागृहात पक्षाच्या यादीला मत देण्याची सोय होती, कनिष्ठ सभागृहात अजून कोएनकाईचेच राज्य होते. मतदार तेच होते.

गेल्या दशकात अभ्यासाचे साधन बदलले. 'स्त्री उमेदवार चालेल का?' असे थेट विचारले की माणूस चारचौघांत शोभेल असे उत्तर देतो, म्हणून संशोधक आता प्रयोग करतात. त्यांतला सर्वांत वापरला गेलेला प्रकार म्हणजे कॉन्जॉइंट प्रयोग. पडद्यावर दोन रकाने दिसतात. समजा, एकात ३८ वर्षांची, दोन मुले असलेली, बालसंगोपनावर बोलणारी स्त्री आहे, तर दुसऱ्यात ६१ वर्षांचा, माजी सरकारी अधिकारी, संरक्षणावर बोलणारा पुरुष. उत्तर देणाऱ्याने एकाला निवडायचे. मग पुन्हा नवी जोडी येते, गुणांची सरमिसळ बदललेली असते. हजारो निवडी जमल्या की वय, लिंग, अनुभव, धोरण यांतल्या कोणत्या गोष्टीने पारडे किती झुकले ते वेगवेगळे मोजता येते. आपण कशासाठी नाकारतो आहोत हे उत्तर देणाऱ्याला उघड सांगावे लागत नाही, हे या पद्धतीचे बळ आहे.

युसाकू होरिउची, डॅनियल स्मिथ आणि तेप्पेइ यामामोतो यांनी या पद्धतीने दाखवले की मतदारांना हवेसे वाटणारे गुण आणि प्रत्यक्ष जपानी लोकप्रतिनिधींचे गुण पुरेसे जुळत नाहीत. मतदाराची आवड आणि सभागृह यांच्यामध्ये पक्षांची निवडप्रक्रिया आणि निवडणुकीचे नियम उभे असतात. रिएको कागे, फ्रान्सिस रोझेनब्लूथ आणि सेइकी तानाका यांच्या सर्वेक्षण प्रयोगांतही मतदारांचा स्त्री उमेदवारांना ठळक विरोध आढळला नाही. अडचण दिसली ती स्त्रिया उभ्याच राहत नाहीत इथे, आणि त्यामागे घरकाम व संगोपन बाईनेच करायचे ही अपेक्षा होती. योशिकुनी ओनो आणि मासाहिरो यामादा यांचे निष्कर्ष मात्र इतके दिलासादायक नाहीत. त्यांच्या प्रयोगात स्त्री असण्याचा तोटा होताच, वर 'बाईला न शोभणाऱ्या' भूमिका घेतल्याची वेगळी किंमतही मोजावी लागत होती. चाकोरीत राहावे तर धोरणांची धार जाते, चाकोरी मोडावी तर मते जातात, अशा कात्रीत स्त्री उमेदवार सापडते.

हे निष्कर्ष एकमेकांना खोडतात असे मानण्याचे कारण नाही. प्रत्येक प्रयोगात पर्याय वेगळे होते आणि पूर्वग्रहही सर्वत्र सारखा नसतो. मात्र उघड्या पूर्वग्रहाची ताकद एवढी दिसत नाही की दहातल्या आठ-नऊ जागा पुरुषांकडे का, हे त्याने उलगडावे. 'मतदारच तयार नाहीत' हे वाक्य सर्वांत जास्त सोयीचे ठरते ते तिकीट वाटणाऱ्यांना. २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहाच्या उमेदवारांत स्त्रिया १७.७ टक्के होत्या आणि निवडून आलेल्या ९.७ टक्के. २०२४ मध्ये उमेदवारी २३.४ टक्क्यांवर गेली आणि निवडून आलेल्या १५.७ टक्के झाल्या. उमेदवारांच्या यादीत नाव वाढले की सभागृहातले नावही वाढते. विद्यमान सदस्याला तिकिटात पहिला मान देण्याची रूढी असल्यामुळे, १९९३ नंतर आलेल्या एकसदस्यीय मतदारसंघांत, जिथे एकच जागा आहे, तिथे नव्या बाईसाठी दार उघडायला आधी कुणीतरी निवृत्त व्हावे लागते. २०१८ च्या कायद्याने पक्षांना स्त्री-पुरुष उमेदवार शक्य तितके समान ठेवायला सांगितले, पण न ठेवल्यास शिक्षा नाही.

उभे राहण्याची किंमत हा अभ्यासाचा दुसरा मोठा विषय आहे. एकसदस्यीय मतदारसंघात ३० लाख येन अनामत भरावी लागते. सकाळी लोक कामावर निघताना रेल्वे स्थानकाबाहेर उभे राहून नमस्कार करणे हा प्रचाराचा नित्यक्रम आहे आणि नेमक्या त्याच वेळी घरात मुलांचा डबा व शाळा असते. २०१४ मध्ये तोक्योच्या विधानसभेत आयाका शिओमुरा गर्भवती व नव्या मातांच्या मदतीबद्दल बोलत असताना 'आधी तू लग्न कर' अशी हाक आली. २०१७ मध्ये कुमामोतो शहराच्या सभागृहात युका ओगाता आपल्या सात महिन्यांच्या बाळाला घेऊन बसल्या आणि कामकाज खोळंबले. मंत्रिमंडळ कार्यालयाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत स्थानिक सभागृहांतल्या ५७.६ टक्के स्त्री सदस्यांनी छळ सोसल्याचे सांगितले. पुरुषांमध्ये हे प्रमाण ३२.५ टक्के होते. हा छळ करणाऱ्यांत मतदारही असतात. त्याच वर्षी २०१८ च्या कायद्यात छळ रोखण्याची तरतूद आली.

लिंगभावाशी निगडित धोरणांबद्दलची मते मोजताना प्रश्नाची भाषा किती महत्त्वाची ठरते, हे आडनावाच्या वादात दिसते. जपानच्या नागरी कायद्याच्या ७५० व्या कलमानुसार पती-पत्नीचे आडनाव एकच असावे लागते. व्यवहारात सुमारे ९५ टक्के जोडपी पतीचे आडनाव घेतात. (आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलण्याची रीत आहे, कायद्याची सक्ती नाही, तिथे सक्ती आहे.) वेगळ्या आडनावाची मुभा हवी का, असा सरळ प्रश्न वृत्तपत्रांनी विचारला की बहुधा बहुमत 'हो' म्हणते. मंत्रिमंडळ कार्यालयाच्या २०२१ च्या पाहणीत तीन पर्याय होते. सध्याची पद्धत राहावी असे २७ टक्के म्हणाले, जुन्या आडनावाच्या वापराला कायदेशीर मान्यता द्यावी असे ४२.२ टक्के आणि वेगळ्या आडनावाची मुभा द्यावी असे २८.९ टक्के. मधली वाट दाखवली की गर्दी तिकडे वळते आणि मग दोन्ही बाजू हेच आकडे आपापल्या बाजूने वापरतात. अशा वेळी तोक्यो विद्यापीठ आणि आसाही वृत्तपत्र यांच्या २००३ पासूनच्या संयुक्त पाहणीचे मोल कळते. उमेदवार आणि मतदार या दोघांनाही तिथे धोरणांविषयी प्रश्न विचारले जातात, त्यामुळे त्यांच्यातले अंतर मोजता येते.

२१ ऑक्टोबर २०२५ रोजी सानाए ताकाइची जपानच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. त्या स्वतः वेगळ्या आडनावाच्या मुभेला विरोध करत आल्या आहेत. २०२१ मध्ये त्यांनी माजी पतीशी पुन्हा लग्न केले तेव्हा मात्र पतीने त्यांचे आडनाव घेतले. सर्वोच्च पदावर स्त्री असणे आणि स्त्रियांच्या प्रश्नांना वाचा मिळणे या दोन गोष्टी अभ्यासकांनी वेगळ्या का धरल्या, ते या एका उदाहरणातून कळावे. सोफिया विद्यापीठाच्या मारी मिउरा आणि ओचानोमिझु विद्यापीठाच्या कि-यंग शिन यांनी तर संशोधनाच्या पुढे जाऊन २०१८ मध्ये तरुण स्त्रियांना उमेदवारीचे शिक्षण देणारी संस्थाच सुरू केली.

संसदेपेक्षा वेगाने बदल घडला तो काही स्थानिक सभागृहांत. तोक्योच्या सुगिनामी वॉर्डात २०२२ मध्ये सातोको किशिमोतो अवघ्या १८७ मतांनी महापौर झाल्या. त्यांच्या समर्थकांनी रेल्वे स्थानकांबाहेर एकेकट्याने फलक घेऊन उभे राहण्याचा मार्ग धरला होता. त्यासाठी ना पैशाची थैली लागली, ना वडिलांची पाटी. पुढच्या वर्षी त्या वॉर्डाच्या ४८ जागांच्या सभागृहात २४ स्त्रिया निवडून आल्या.