लेझर वेल्डमधला तडा आणि शेवटचा द्रव

लेझरने जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या सांध्यात तडा दिसला, की सांधा कमजोर होता असे आपण धरून चालतो. पण हा तडा बहुतेकदा धातू पूर्ण गोठण्याआधीच पडलेला असतो.

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला गोठते. मिश्रधातूंचे तसे नसते. ६०६१ हा मिश्रधातू साधारण ६५० अंशांना गोठू लागतो आणि ५८० च्या आसपास पुरता घट्ट होतो. ७०७५ या दुसऱ्या मिश्रधातूत हे अंतर दीडशे अंशांहून जास्त आहे. या टप्प्यात स्फटिककण वाढत एकमेकांना भिडतात आणि त्यांच्यामध्ये द्रवाचा पातळ थर उरतो. गोठताना ॲल्युमिनियमचे घनफळ सहा-सात टक्क्यांनी घटते, कडेचा थंड पत्रा मात्र जागचा हलत नाही. हा ताण त्या थरावर येतो आणि थर फाटतो. मागून द्रव येऊन पोचला तर फट भरून निघते. लेझरच्या वेल्डमध्ये सगळे मिलिसेकंदांत उरकते. दोन्ही कडांकडून वाढलेले लांबट कण मधोमध भिडतात आणि द्रवाची वाट बुजते. म्हणून तडा अनेकदा वेल्डच्या मध्यरेषेवरूनच धावतो.

यावरचा सर्वात सुंदर उपाय मला फिलर वायरचा, म्हणजे सांध्यात वितळवून भरायच्या तारेचा वाटतो. ॲल्युमिनियममध्ये एक टक्क्याच्या आसपास सिलिकॉन असले, की तड्याचा धोका सर्वाधिक असतो. मग सिलिकॉन कमी करायचे? नाही, उलट वाढवायचे! ४०४३ वायरमध्ये ते सुमारे ५ टक्के असते, ४०४७ मध्ये १२. त्यामुळे शेवटी भरपूर द्रव शिल्लक राहतो आणि पडणाऱ्या फटी तोच भरतो.

दुसरा मार्ग कणांचा आकार बदलण्याचा. लांबट कणांऐवजी बारीक, गोलसर कण झाले तर ते ताणाखाली थोडे सरकू शकतात. २०१७ मध्ये अमेरिकेतील एचआरएल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी ७०७५ आणि ६०६१ च्या भुकटीवर झिर्कोनियमचे नॅनोकण चढवून लेझर थ्रीडी प्रिंटिंगमध्ये तडे टाळून दाखवले. तिथेही अडचण हीच होती. वेल्डिंगमध्ये लेझरचा झोत डोलवत नेला तरी कण बारीक व्हायला मदत होते. स्पंद-लेझर, म्हणजे थांबून थांबून झोत सोडणारा लेझर असेल तर स्पंदाची शक्ती एकदम न तोडता हळूहळू उतरवतात.

वायर निवडताना पुढचे कामही पाहावे लागते. वस्तूवर ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा संरक्षक थर चढवणे) करायचे असेल, तर ४०४३ चा सांधा काळपट राखाडी दिसतो. रंग जुळायला हवा असेल तिथे मॅग्नेशियमयुक्त ५३५६ घेतात.