जुनी जावा अजून चालते ती कशामुळे

जुनी मोटरसायकल घ्यायची म्हटलं की आपल्याकडे बोलणं फिरून फिरून बुलेट, राजदूत आणि जावा-येझदी या नावांपाशीच येतं. पहिली जुनी गाडी कोणती घ्यावी असं कुणी विचारलं तर मी जावा सांगतो. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं, एकच सिलिंडर. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. मागच्या अंगणात चार पाने-पकडी घेऊन बसलं तर तिचं हेड अर्ध्या तासात हातात येतं.

पण तिचा साधेपणा हे अर्धंच उत्तर झालं. ही गाडी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली कायमचा बंद पडला. तरीही पुण्याच्या नाना पेठेत तिच्या पिस्टन-रिंगा मागितल्या तर दुकानदार बुचकळ्यात पडत नाही, आणि तालुक्याच्या गावीसुद्धा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारा एखादा म्हातारा मिस्त्री सापडतो. हे कसं घडलं ते समजलं की गाडी घेताना काय पाहायचं तेही बरंचसं उलगडतं.

सुरुवात प्रागमध्ये होते. फ्रांतिशेक यानेचेक हे तिथले शस्त्रं बनवणारे कारखानदार. १९२९ साली त्यांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून ५०० सीसीच्या एका मोटरसायकलीचे हक्क घेतले आणि आपल्या आडनावाची पहिली दोन अक्षरं वांडररच्या पहिल्या दोन अक्षरांना जोडून गाडीचं नाव ठेवलं. झेक लोक त्याचा उच्चार 'यावा' असा करतात; आपण रोमन अक्षरं इंग्रजी वळणाने वाचली आणि तिची 'जावा' झाली. ती पहिली गाडी महाग होती आणि जगभर मंदीचे दिवस होते, त्यामुळे कंपनीला खरा हात दिला तो १९३२ मध्ये आलेल्या, विलियर्सचं १७५ सीसीचं इंजिन बसवलेल्या स्वस्त गाडीने.

दुसऱ्या महायुद्धात चेकोस्लोव्हाकिया जर्मनांच्या ताब्यात होता. मोटरसायकलीवर उघडपणे काम करणं शक्य नव्हतं, म्हणून तिथल्या लोकांनी २५० सीसीची नवी गाडी लपूनछपून घडवली. १९४६ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. यानेचेक तोवर हयात नव्हते. १९४१ मध्येच ते गेले होते. पुढे कारखाना सरकारच्या मालकीचा झाला आणि १९५४ च्या सुमारास त्याच २५० ला मागे स्विंगआर्म आणि दोन शॉक ॲब्सॉर्बर मिळाले. आपण ज्या मरून रंगाच्या, गुडघ्यांपाशी रबर लावलेल्या टाकीच्या गाडीला जावा म्हणतो ती ही.

या घराण्याची एक खूण प्रत्येक जावावर दिसते. इंजिनच्या डाव्या बाजूला एकच दांडी असते. ती आत दाबून वर फिरवली की किक होते. गाडी चालू झाली की तीच पुढे आणायची, आता ती गिअरची. शिवाय गिअर टाकताना पायाने दांडी दाबली की क्लच आतल्या आत आपोआप सुटतो, हँडलवरचा क्लच दाबावाच लागतो असं नाही. नवीन मालकाची पहिली फजिती बहुतेक इथेच होते. क्लच घसरतो, मालक क्लचच्या प्लेटी बदलतो, तरी घसरतो. खरं तर कव्हरखालचा क्लचचा ॲडजस्टिंग स्क्रू जास्त आवळलेला असतो. शंभर रुपयांचंही काम नाही, पण माहीत नसेल तर इंजिनची डावी बाजू पूर्ण उघडली जाते.

भारतात जावा आली मुंबईमार्गे. रुस्तम इराणी आणि त्यांचे लोक पन्नाशीच्या दशकात या गाड्या बाहेरून आणून इथे विकत होते. परकीय चलन वाचवण्यासाठी सरकारने आयातीवर बंधनं आणली, तेव्हा धंदा टिकवायचा तर गाडी इथेच बनवणं हाच मार्ग उरला. १९६० मध्ये रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी उभी केली. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार तेव्हा त्या राज्याचे राज्यपाल होते; त्यांचा या कारखान्याला मोठा आधार मिळाला. १९६१ पासून म्हैसूरची जावा रस्त्यावर आली. मद्रासला बुलेट पन्नाशीच्या दशकातच बनू लागली होती आणि उत्तरेत एस्कॉर्ट्सने पोलंडच्या गाडीवरून राजदूत काढली. परवाना राजच्या काळातल्या भारतीय मोटरसायकली जवळपास या तीन घरांतल्याच. १९७३ नंतर म्हैसूरच्या गाडीवरचं जावा हे नाव गेलं आणि इराणमधल्या यझ्द शहरावरून 'येझदी' आलं. १९७८ मध्ये रोडकिंग आली.

मला या सगळ्या इतिहासात सर्वात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. परवाना राजमुळे गिऱ्हाईक अनेक वर्षं रांगेत उभं राहिलं, त्याच्या हाती जुनंच तंत्रज्ञान पडलं, ही टीका खरीच आहे. पण बाजार बंद होता म्हणून गाडी बदलावी असा दबावही कारखान्यावर नव्हता. १९६१ च्या जावाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५ मिलिमीटर. १९९६ ला कारखान्याचं दार लागलं तेव्हाच्या रोडकिंगचं मापही तेच, २४८.५ सीसी. पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) बदलले, कार्बोरेटर बदलला, त्यामुळे एकीचा पिस्टन दुसरीला बसेलच असं नाही. तरी इंजिनची रचना तीच राहिली. पस्तीस वर्षं एकच इंजिन! त्या काळात चौदा-पंधराव्या वर्षी गॅरेजात पाने धुवायला लागलेला पोरगा पन्नाशीला आला तरी तेच इंजिन खोलत होता. त्याच्या हाताला ते इंजिन पाठ झालं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्याला सिलिंडर दाखवलं की तो किती ओव्हरसाइज करायचं, म्हणजे भोक किती वाढवायचं, एवढंच विचारतो. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही. ती गॅरेजांत आणि लेथवर साठत गेली, आणि कारखाना गेला तरी ती राहिली.

कारखाना जायचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. १९८४-८५ पासून जपानी भागीदारीतल्या १०० सीसीच्या गाड्या आल्या. त्या हलक्या होत्या, लिटरमागे दुप्पट जायच्या, पहिल्या किकला सुरू व्हायच्या. १९९१ मध्ये धुराचे नियम आले, १९९६ मध्ये ते आणखी कडक झाले, आणि जुन्या घडणीच्या टू-स्ट्रोकला त्यात जागा उरली नाही. त्यानंतरची पंधराएक वर्षं जावांसाठी फार वाईट गेली. किती तरी गाड्या किलोच्या भावाने भंगारात गेल्या. दोन बाजूंचे लांब क्रोमचे सायलेन्सर वेगळे काढून विकले गेले, उरलेली गाडी कुणाच्या गोठ्यामागे पावसात पडून राहिली. आज विकायला निघणाऱ्या बऱ्याच गाड्या त्या काळातून आलेल्या आहेत, आणि त्यांच्यावर वरून नवा रंग चढवलेला असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये जावाचं नाव नव्या फोर-स्ट्रोक गाडीवर परत आलं. तेव्हापासून माझ्या पाहण्यात तरी जुन्या गाड्यांचे भाव चढलेच आहेत, आणि चकचकीत रंगाखाली थकलेलं इंजिन विकण्याचा प्रकारही वाढला आहे.

म्हणून रंगाकडे पाहू नये, धुराकडे पाहावं. माझी गाडी घेतली तेव्हा ती चांगली चालत होती, फक्त डाव्या सायलेन्सरमधून आणि उजव्यातूनही दाट पांढरा-निळा धूर यायचा आणि गाडी गरम झाली तरी थांबायचा नाही. विकणारा म्हणाला, पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलंय. मीही तेच धरून चाललो. आमच्या मिस्त्रींनी पेट्रोलमध्ये बोटही बुडवलं नाही. त्यांनी डाव्या कव्हरमधलं ऑइल काढून मापात ओतलं. भरलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं. "हे बघा, गाडी प्यायली," ते म्हणाले. क्रँकच्या डाव्या टोकाला प्रायमरी चेन आणि क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात. तिथलं ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, झिजलं की पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये जी ओढ तयार होते ती हे ऑइल आत खेचते, आणि ते जळून धूर होतो. याने गाडी घाण होते, पण मरत नाही. उजवं सील त्याहून धोक्याचं. तिकडे डायनामो असतो, ऑइल नसतं, त्यामुळे सील गेलं की बाहेरची हवा आत येते. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, गाडी उलट जास्त जोरात पळतेय असं वाटतं, इंजिन तापतं आणि चढावर पिस्टन जाम होतो. धूर कमी म्हणून माणूस खूश असतो आणि आत सिलिंडरला ओरखडे पडत असतात. सोडून दिलेल्या कुठल्याही जावाची दोन्ही सीलं आधी बदलावीत, मग बाकीचं. रबर आहे ते. पंचवीस वर्षं कोरडं पडलं तर लाकडासारखं कडक होतं. डाव्या सीलसाठी क्लच उतरवावा लागतो, म्हणून मजुरी जास्त. ती देताना घासाघीस करू नये.

सुट्या भागांचीही अशीच कथा आहे. कारखाना बंद झाल्यावर डीलरांच्या माळ्यांवर राहिलेला म्हैसूरचा माल बरीच वर्षं पुरला. आता तो विरळा झाला आहे आणि त्याची किंमतही तशी मोजावी लागते. बाकी सगळा नवा बनवलेला लोकल माल. केबली, रबरं, पॅकिंग, मडगार्ड यांत लोकल चालतो. कनेक्टिंग रॉड, बिग एंडची बेअरिंग आणि गिअरच्या चकत्या यांत मात्र धातू कच्चा निघाला तर सगळं इंजिन पुन्हा खोलावं लागतं. ठिणगीसाठी लागणारे पॉइंट आणि कंडेन्सर चालू स्थितीतले जुने मिळाले तर जपून ठेवावेत. डायनामो ६ व्होल्टचा. हेडलाइट मिणमिणता असतो म्हणून लगेच वायरिंग कापू नये, बहुतेक वेळा अर्थिंगच्या जागी गंज असतो.

पेट्रोलही बदललं. टू-स्ट्रोकच्या काळात पंपावर टू-टी ऑइलचं हातपंपासारखं छोटं मशीन असायचं आणि पंपवाला "ऑइल किती?" असं विचारायचाच. आता आपण घरून बाटली न्यायची. जुन्या जावाला लिटरमागे ४० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटरला २०० मिलिलिटर. २००० साली देशभर पेट्रोलमधलं शिसं बंद झालं, त्याने या इंजिनला काही झालं नाही, कारण शिशाचा आधार लागायचा तो व्हॉल्व्हना, आणि इथे व्हॉल्व्हच नाहीत. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा प्रश्न मात्र खरा आहे. ते हवेतलं पाणी शोषतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकी आतून गंजते, गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो, आणि पेट्रोल कॉकचे जुने वायसर फुगतात. महिनाभर गाडी काढणार नसाल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा.

आता कागद. मी मुद्दाम शेवटी लिहितोय, पण गाडी पाहायला जाताना आधी हेच मागावेत. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी री-पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण. मधल्या पडीक काळात बहुतेकांनी ते केलंच नाही, आणि तीन अक्षरी जुन्या नंबरांच्या कित्येक नोंदी संगणकात चढल्याच नाहीत. मूळ मालक वारलेला, वारस तीन गावांत, आरसी बुकाची पानं सुटी: हे नेहमीचं चित्र आहे. अशी गाडी कितीही आवडली तरी नावावर होईल याची खात्री होईपर्यंत पैसे देऊ नयेत. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या नंबरवर नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. जावा नावाच्या म्हैसूरच्या सगळ्या गाड्या आता या वयात बसतात. पण त्या नंबरवर गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. मला रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं असतं, म्हणून मी जुनाच नंबर ठेवला आणि री-पासिंग केलं.

त्या दिवशी आरटीओत चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि अर्धेच आकडे उठले. आधीच्या मालकांनी एकावर एक दिलेल्या रंगाच्या थरांनी खाचा भरल्या होत्या. रांगेतल्या एकाने पॉलिश पेपर पुढे केला. मिस्त्रींनी तो परत दिला. खाच घासली गेली तर नंबर खोडल्यासारखा दिसतो आणि मग ती गाडी कुणाच्याच नावावर होत नाही. त्यांनी बोळ्याला पेंट रिमूव्हर लावून दहा मिनिटं आकड्यांवर दाबून धरलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने खाचा हळूहळू मोकळ्या केल्या. हिरवा निघाला, त्याखाली काळा, त्याखाली म्हैसूरचा मरून. मग कागद पुन्हा ठेवला.